सासूबाईंना चाकं फुटली

रंगमंचावर तो जावई आणि ती त्याची सासू. नाटक इतकं चाललं की मधल्या मध्ये दोघांनी लग्न केलं, संसार केला, निवृत्तही झाले. पण घरात एकमेकांना हाक मारायची ती ‘सासूबाई’ आणि ‘जावईबापू’ अशीच. शेजाऱ्यांनी आधी कुजबुज केली, मग तेही तसंच म्हणू लागले.

याचा फायदा असा, की भांडणात नवीन काही शोधावं लागत नसे. नाटकात सासू ट्रंक भरून दारापर्यंत जाते. जावई म्हणतो, “निघालात? मग माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?” सासू ट्रंकेवर बसकण मारते, “तुम्ही सुधारल्याशिवाय मी हलत नाही.” घरातली झाडून सगळी भांडणं घरी आणलेल्या याच ट्रंकेवर मिटली होती. ट्रंकेला खळगा पडला होता.

मग नव्या मंडळींनी त्या नाटकाचा सिनेमा काढला. दोघं दुपारच्या खेळाला गेले. पडद्यावरचा जावई हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकून मोकळा होत होता.

“याला कसली घाई?” बापू कुरकुरले.

“बस सुटत असेल.”

मध्यंतर नव्हतं. ट्रंकही नव्हती. पडद्यावरची सासू चाकांची बॅग ओढत आली. जावयाने ते वाक्य टाकलं. “तुमचं तुम्ही ठेवा,” असं म्हणून ती टॅक्सीत बसली आणि बहिणीकडे कायमची राहायला गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावरही एकच प्रेक्षक टाळ्या वाजवत होता. बापूंनी वळून पाहिलं. सासूबाई.

येताना त्यांनी चाकांची बॅग घेतली.

दुसऱ्याच दिवशी पलंगावरच्या ओल्या टॉवेलवरून वाजलं. बॅग गडगडत दाराशी आली.

“निघालात? मग माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?”

“तुमचं तुम्ही ठेवा. ताईला कळवलंय.”

यापुढचं बापूंना पाठच नव्हतं. सवयीने त्यांनी विंगेकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे फक्त फ्रीज होता.

“जरा बसून तरी बघा बॅगेवर.”

जुन्या ओळखीखातर सासूबाई बसल्या. बॅग त्यांना घेऊन चपलांच्या रॅकपर्यंत गेली. दोघांनीही हशासाठी जागा सोडली. हशा आला नाही.

“मध्यंतर घेऊ या,” बापू म्हणाले.

“सिनेमात नव्हतं.”

“आपण सिनेमात नाही ना, अगं.”

या घरात ‘अगं’ हा शब्द नवीन होता. सासूबाईंनी बापूंकडे नीट पाहिलं. “कधीपर्यंत?”

“तिसरी घंटा होईपर्यंत.”

बापूंनी चहा टाकला. पहिला घोट घेतला तोच दारावरची बेल वाजली. इस्त्रीवाला. कपडे घेऊन दार लावलं तर पुन्हा बेल. एक शर्ट राहिला होता.

दोन झाल्या.

बापूंनी स्टूल ओढलं, पेचकस घेतला आणि बेल उघडायला सुरुवात केली. स्टूल डुगडुगत होतं. मागे कप ठेवल्याचा आवाज आला. संपलं, बापूंना वाटलं. इतक्यात स्टूल डुगडुगायचं थांबलं.

“मेन स्विच बंद केलात का?” स्टूल घट्ट धरून सासूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“सुधारणार नाही तुम्ही,” असं म्हणून त्या स्विच बंद करायला गेल्या.

तेव्हापासून लोक दार ठोठावतात. बॅग अजून रॅकपाशीच आहे. ताईंचा फोन आला की सासूबाई सांगतात, निघतेच आहे, जरा मध्यंतर चालू आहे.