तंबाखूच्या ट्रेची कैफियत

मित्रांनो, माझ्या कडा गंजल्या आहेत, पोटाला पोचा आला आहे. तरी मी अजून कामावर आहे. मी पत्र्याचा एक जुना ट्रे. डबे बनवणाऱ्या कारागिराने मला ठोकून घडवलं आणि मी पाइपच्या तंबाखूच्या दुकानात आलो. नाकं मुरडू नका! तुम्ही तंबाखूच्या वाटेला जाऊ नका, पण माझी गोष्ट ऐका.

ओला तंबाखू पाइपमध्ये धड पेटत नाही आणि फार वाळला तर त्याचा भुगा होतो. म्हणून दुकानाचे म्हातारे मालक तो माझ्यावर पसरायचे आणि मग चिमूट दाबून बघायचे. दाबलेली चिमूट हळूच उलगडली की झालं काम! त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. गिऱ्हाइकं त्यांचं कौतुक करायची, तेव्हा मीही फुशारून जायचो.

एकदा आठवडाभर हवा अगदी दमट होती. मालकांनी मला उघड्या खिडकीत ठेवलं. संध्याकाळी त्यांनी चिमूट दाबली, तर गोळाच झाला. "दिवसभर वारा लागलाय, ओला कसा असेल? माझीच बोटं म्हातारी झाली," असं म्हणत त्यांनी तो तसाच शेजारच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींना बांधून दिला. मी काय बोलणार, कपाळ!

दुसऱ्या दिवशी घड्याळजी पुडी घेऊन परत आले. "अहो, हा तंबाखू आहे की पालेभाजी?"

मालकांचा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला आता कळत नाही. उद्यापासून घरीच बसा."

मालकांनी मान खाली घातली. माझा जीव अगदी तुटला.

तेवढ्यात सूनबाई मिठाची बरणी घेऊन आल्या. "खिडकीत ठेवली आणि मिठाला पाणी सुटलं बघा! मग तंबाखूचं वेगळं काय होणार? बाबा, बोटं तुमची बरोबर होती. हवाच ओली आहे."

सूनबाईंनी खिडकी लावली, पुडीतला तंबाखू माझ्यावर पसरला आणि मला दिव्याच्या उबेत ठेवलं. थोड्या वेळाने मालकांनी चिमूट दाबली. "अजून नाही." पुन्हा दाबली. "आता झाला."

घड्याळजींनी पाइप भरला. एका काडीत पेटला!

मुलगा ओशाळला. त्याने माझ्यावरची चिमूट उचलून दाबली आणि हात वडिलांपुढे धरला. "बाबा, बघा ना, मला जमतंय का?"

मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी चालेल. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असं विचारत जा.