दोन डाव्या बाह्या

तिने एक बाही दुसऱ्या बाहीवर ठेवली, कडेला कड लावली आणि तिचा हात तिथेच थांबला. बाह्या जुळत होत्या. तंतोतंत जुळत होत्या, आणि घोळ तिथेच होता. बाह्यांची जोडी अशी एकावर एक बसत नाही. ती दोन तळहातांसारखी समोरासमोर आली तरच जुळते.

तिने वरची बाही उलटी करून पाहिली. खालून मखमलीची उलटी बाजू वर आली, पांढुरकी, बोडकी. तिने बाही पुन्हा सुलट केली. पुन्हा उलटी केली. तिसऱ्या खेपेला तरी बाहीला दया येईल असं वाटल्यासारखं तिने ते परत एकदा केलं आणि मग कात्री हळूच टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवून ठेवली.

दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

ही चूक नवशिक्या पोरींची. पहिल्या महिन्यात एकदा होते, ओरडा बसतो आणि जन्मात पुन्हा होत नाही. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, पुढून मागच्यापेक्षा खोल कापायचा असतो, म्हणून डावी ती डावी आणि उजवी ती उजवी. कापड दुमडून दोन्ही पदर एकदम कापले की जोडी आपोआप निघते. कापड कमी असलं आणि एकेक बाही कापावी लागली, तर दुसऱ्या वेळी कागदाचा फर्मा पालथा घालायचा. एवढंच. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाईंनी याच टेबलाशी उभं करून, खडूने बोटांवर टकटक करत शिकवलं होतं, "बाही कधी एकटी कापू नये. कापलीच, तर फर्मा पालथा घातल्याशिवाय कात्रीला हात लावू नये." चौदा वर्षं झाली त्याला. चौदा वर्षांत तिने किती बाह्या कापल्या असतील त्याची गणती नाही. झोपेत सांगितल्या असत्या तरी कापल्या असत्या.

आणि तिला वाटलं, आपण झोपेतच होतो की काय.

समोरच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला, त्यांचं शिवणकाम चाले. दारावर पाटी नव्हती, लागतही नव्हती. दोन यंत्रं, एक इस्त्री, एक लांब टेबल, भिंतीवर आरसा आणि आरशाशेजारी एक चौकटीतला फोटो. तो नवऱ्याचा, तीन वर्षांचा असतानाचा. मखमलीचा कोट घालून स्टुलावर उभा. डावा हात सरळ, पण उजवा कोपरातून वाकलेला, खांद्यापासून मागे ओढल्यासारखा. कपडे घालून पाहायला आलेल्या बाया आरशात पाहता पाहता फोटो पाहत आणि हसत. "काय हो, तेव्हापासूनच कुस्ती खेळायचा का?" मग सासूबाईही हसत. म्हणत, "फोटोवाल्याने गुदगुल्या केल्या मेल्याने." घरातला तो जुना विनोद होता. सुनेनेही तो पुष्कळांना सांगितला होता.

पावसाळा सरल्यापासून तिला थकवा होता. त्याला थकवा म्हणायचं कारण दुसरा शब्द सापडत नव्हता. सकाळी डोळे उघडत, पण हाडांत ओली वाळू भरल्यासारखं अंग गादीला चिकटून राही. आंघोळीची बादली भरली की वाटे, झालं आजचं काम. सुईत दोरा ओवायचा तर डोंगर चढायचा. रडू यावं असं काही घडलं नव्हतं, तरी भांडी घासताना रडू येई, आणि रडू आलं तर बरं, कारण बाकीच्या वेळी काहीच येत नसे. खायला काळ आणि भुईला भार, असं ती स्वतःलाच म्हणे. ते मनात म्हणे, म्हणून त्यावर कुणी वाद घातला नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर तपासली, थायरॉईड तपासलं. कशातच काही निघालं नाही. रिपोर्ट घेऊन ती दवाखान्याच्या पायरीवर पाच मिनिटं बसून राहिली होती. एखादी गाठ निघाली असती, एखादा खडा निघाला असता, तर चारचौघांत नाव घेऊन सांगता तरी आलं असतं.

"रिपोर्टात नाही ते अंगात कुठून येतं, बाई?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "आमच्या वेळी दमायला सवड कुणाला होती?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी. त्याने रिपोर्ट दोन्ही बाजूंनी वाचले. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली.

"सगळं नॉर्मल आहे. मग चांगलंच आहे की."

"हो."

त्याने रिपोर्ट घडी करून पाकिटात घातले. मग म्हणाला, "लोक फोन करतात, लिफ्ट मध्येच थांबते म्हणून. मी जातो, दहा वेळा वरखाली करतो. एकदाही थांबत नाही. सही घेऊन परत येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन."

"मग?"

"मग काय. त्यांना वाटतं मी काही केलंच नाही. मला वाटतं लोक खोटं बोलतात." त्याने घाईने वर पाहिलं. "म्हणजे तुला नाही हं म्हणत."

"कळलं मला," ती म्हणाली. तिला त्याची दया आली. ती दयाही लगेच दमली.

पण खरी टोचणी होती ती लेकीची, ठकीची. ठकी आठ वर्षांची. आधी बोलून बोलून डोकं उठवायची, घरभर पसारा, हे हवं, ते नको. त्या पोरीने या चार महिन्यांत मागणं सोडून दिलं होतं. वेण्या स्वतः घाली, एक कानाजवळ आणि एक मानेवर. शाळेतून आली की बूट बाहेरच्या पायरीवर काढी आणि पायमोज्यांवर आत येई, आवाज होऊ नये म्हणून. आईला ओवणं जड जातं हे कधीतरी तिच्या कानावर पडलं असावं. तेव्हापासून रोज शाळेत जाण्याआधी ती डझनभर सुया ओवून सुयांच्या गादीला टोचून ठेवत होती, काळा, पांढरा, निळा, दिवसभर पुरतील इतक्या. कुणी सांगितलं नव्हतं. शहाणी झाली हो पोर, असं येणारीजाणारी म्हणत. आईला ते शहाणपण पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत होतं.

आणि मग मागच्या आठवड्यात ठकी दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली होती, "शाळेत पुढच्या गुरुवारी कविता म्हणायचीय मला. आई, तुला बरं वाटलं तर फ्रॉक शिवशील? लांब बाह्यांचा, मनगटाला बटण असलेला. आणि गोल फिरलं की फुलणारा. बरं वाटलं तरच हं. नाहीतर नको."

चार महिन्यांतली ही पहिली मागणी. ती त्याच दिवशी उठून कापडवाल्याकडे गेली होती. हिरव्या मखमलीचा शेवटचा तुकडा होता, दुकानदाराने गज लावून दाखवलं होतं, यापुढे एक बोटही नाही. पुरेल, ती म्हणाली होती. आणि पुरलंही असतं.

आज मंगळवार. चार वाजायला वीस मिनिटं होती.

आतून सपातांचा आवाज आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मोतीबिंदूनंतर त्यांनी यंत्र सोडलं होतं, पण टेबलावर काय चाललंय हे पाहिल्याशिवाय त्यांचा चहा पचत नसे. त्यांनी सुनेकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुढे येऊन पहिल्या बाहीच्या मुंढ्यावरून अंगठा फिरवला, दुसऱ्या बाहीच्या मुंढ्यावरून फिरवला.

सुनेने मान खाली घातली. आता येईल ते येऊ दे. लोकांचं कापड असतं तर काय तोंड दाखवलं असतंस, हे येईल. लक्ष कुठे असतं तुझं, हे येईल. त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

सासूबाई वळल्या. त्या आरशाजवळ गेल्या आणि फोटो खिळ्यावरून काढून टेबलावर, बाह्यांच्या शेजारी, आणून ठेवला.

"याचा हात असा का आहे, ठाऊक आहे तुला?"

"फोटोवाल्याने..."

"फोटोवाला गरीब माणूस. त्याने कशाला गुदगुल्या करायच्या?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं, कोटाच्या उजव्या खांद्यावर. "नीट बघ. शिवणारीच्या डोळ्यांनी बघ."

तिने पाहिलं. चौदा वर्षं ती हा फोटो पुसत आली होती. खांद्याची शिवण मागे ओढली होती. काखेपाशी कापडाचा चोळामोळा होता. मुंढ्याचा खोल भाग, जो छातीकडे यायला हवा, तो पाठीकडे गेला होता.

तिने वर पाहिलं.

"दोन्ही डाव्या," सासूबाई म्हणाल्या. "शिवून होईस्तोवर मला कळलंसुद्धा नाही. घातला अंगात, नेलं फोटोला. पोर सांगतंय, आई टोचतंय, आई ओढतंय. मी म्हटलं, गप उभा राहा. फोटो आला तेव्हा कळलं."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. 

"काय झालं होतं तुम्हाला?"

"काय माहीत काय झालं होतं. पोटाला होतं, नवरा मारत नव्हता, पोर गोजिरवाणं होतं. आणि मी अशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. वर्ष गेलं असेल, जास्तही असेल. या घरात माझी सासू होती, ती म्हणायची, सोंग आहे." त्या खुर्चीवर बसल्या. "मग एक दिवस चहा गार आला म्हणून मी कुणावर तरी खेकसले, आणि माझ्या ध्यानात आलं, अरे, आपल्याला राग आला."

"कुणाला सांगितलं होतंत तुम्ही?"

"सांगतेय की."

"तेव्हा हो."

"तेव्हा कुठे? आत्ता तुलाच सांगतेय," सासूबाई म्हणाल्या आणि फोटोची काच हाताच्या मागच्या बाजूने पुसू लागल्या, तिच्यावर काही नव्हतं तरी. "लोक हसायचे, मीही हसायचे. बत्तीस वर्षं हसतेय. तुला तसं बोलले ना मी, दमायला सवड नव्हती म्हणून... माझ्या सासूचीच जीभ ती. चिकटली ती चिकटली."

 सुनेने टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत टाकायला घेतल्या.

बाहेर पायरीवर बूट ठेवल्याचा आवाज आला. खरं म्हणजे ठेवताना होऊ न दिलेला आवाज. पायमोज्यांवर ठकी आत आली. दोघींना टेबलाशी पाहून थबकली. आजीच्या पुढ्यात उतरवलेला फोटो, आईचं तोंड, हिरव्या बाह्या. शिवणाऱ्यांच्या घरातली पोर. तिने बाह्या पाहिल्या आणि तिला कळलं.

"चुकलं का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हो, चुकलं," आई म्हणाली. "दोन्ही डाव्या कापल्या गेल्या."

"असू दे. मला बिनबाह्यांचा चालेल."

"थंडी आहे."

"मग घेर कमी कर आणि त्यातून बाही काढ. मी फिरणारच नाही गोल. मला चालेल." ती भराभर बोलत होती, कुणी पडायच्या आत धरावं तशी. "नाहीतर जुना निळा आहे की. तोसुद्धा चालेल मला."

आई तिच्याकडे पाहत राहिली. एक वेणी कानाजवळ, एक मानेवर. ती खाली बसली, ठकीच्या तोंडासमोर तोंड आणून. पुन्हा उठणं किती लांब आहे हे तिला तिथूनच दिसलं.

"काय चालेल ते नको सांगूस. काय हवंय ते सांग."

ठकीने आजीकडे पाहिलं. आजीने फोटोकडे पाहिलं.

"सांग की. बाह्या हव्यात की घेर?"

पोर पायमोज्याच्या भोकातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघत होती.  मग ती म्हणाली, "दोन्ही," आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा फाटला. चार महिन्यांचं रडं. मोठ्याने, हुंदके देत, नाक गळत, पाय आपटत. "मला दोन्ही हवंय! तू म्हणाली होतीस पुरेल!"

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "आहे की आवाज हिला."

आईने तिला जवळ घेतलं. गप म्हटलं नाही. मखमलीचा भुगा तिच्या कपड्यांवरून पोरीच्या ओल्या गालांना चिकटला.

रडं ओसरल्यावर ती टेबलाचा आधार घेत उठली. एका बाहीची कड तिने चिमटीत धरून पाहिली. मग कातरणाची टोपली ओढली आणि हिरवे तुकडे एकेक करून पसरले. बोटभर, चारबोट, एक तळहाताएवढा.

"ही उजव्या हाताला लावते, मुंढा पुढून कोरून घेते. मागे कमी पडेल, तिथे जोड द्यावा लागेल," ती सासूबाईंना म्हणाली.

"काखेत घे. मखमलीची लव खालच्या अंगाला धर."

"दिसेल."

"दिसेल तर. मखमल कुठे लपवते?"

ठकीने गणवेशाच्या बाहीने नाक पुसलं. "कुठे दिसेल?"

"इथे." आईने तिच्या काखेखाली बोट ठेवलं. "हात वर केलास की दिसेल."

ठकीने विचार केला. कवितेत एका ठिकाणी हात वर करून आभाळ दाखवायचं होतं. बाईंनी दहादा घोटून घेतलं होतं. तिने दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवले.

"मी करणारच नाही हात वर. कुणाला कळणार नाही."

आईने सुयांच्या गादीकडे हात नेला. काळ्या, पांढऱ्या, निळ्या दोऱ्यांमध्ये आज चार सुयांत हिरवा दोरा होता. तिने त्यातली एक उपसली आणि जोडाचा तुकडा बाहीला लावून धरला. हात जड होता. कालच्याइतकाच जड होता.

"कर," ती म्हणाली. "खुशाल वर कर."