पुडीतलं शिसं

वैद्याची लेक डॉक्टर झाली की तिला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. माहेरी ती 'गोळीवाली' होती आणि हॉस्पिटलात 'वैद्यबुवा'. इतकी वर्षं दोन्ही नावं तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडली होती. त्या दिवशी मात्र सकाळच्या राऊंडलाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खाटेवर शिवणकाम करणारी एक बाई पोट धरून वाकडी झाली होती. चेहरा पांढराफटक, पोटात पीळ, उजवं मनगट उचलत नाही. सोनोग्राफीत काही सापडलं नाही म्हणून सर्जन तिचं पोट उघडून बघायला निघाले होते. 'बघू या तर' म्हणून माणसाचं पोट उघडायचं, म्हणजे चावी हरवलेली ट्रंकच की ती! वैद्याच्या लेकीने बाईचा ओठ बोटाने हळूच खाली ओढला. हिरडीच्या काठाने निळसर काळी रेघ गेली होती. अंगात शिसं साचलं की अशी रेघ उमटते.

"कसलं झाडपाल्याचं औषध खातेस का गं?" सर्जन दरडावून म्हणाले.

"नाही हो, काहीच नाही."

नाहीच म्हणणार. असं अंगावर आल्यावर कोण हो म्हणेल? वैद्याची लेक खाटेच्या कडेला टेकली, बाईचा हात हातात घेतला आणि घरच्यासारखं विचारलं, "मावशी, पुडी मधातून घेता की तुपातून?"

"मधातून," बाई पटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

विद्यार्थी हसले. विभागाचे मोठे सरही हसले. "वा, वैद्यबुवा! जरा नाडीही बघा, पोटात भूतबित असेल तर कळेल." एका बाईचं फुकटचं ऑपरेशन टळलं, हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. सरांना खुर्चीसकट उचलून खिडकीबाहेर ठेवावं, असं तिला मनापासून वाटलं. तेवढ्यात मावशीने उशीखालून पुडी काढून तिच्या हातात दिली, आणि सर राहिले बाजूला. पुडीवर तिच्याच वडिलांचा फोटो होता.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं एवढं होतं की लॅबवाल्याने आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासून पाहिलं होतं. शिसं उतरवायचं औषध सुरू करून ती तडक माहेरी निघाली. वाटेत प्रत्येक सिग्नलला ती वडिलांशी भांडत होती, आणि प्रत्येक भांडण जिंकत होती.

माहेरी पुढच्या खोलीत दवाखाना, मागे अंगण, अंगणापलीकडे भट्टीची शेड. कॉलेजात जाईपर्यंत ती या घरात खलात औषधं घोटत वाढली होती. धातू भट्टीत पुन्हा पुन्हा भाजून त्याची राख करायची, तिला म्हणायचं भस्म, हे तिला मुळाक्षरांच्या आधी येत होतं. पुढे ती डॉक्टरकीला गेली, तेव्हा वडील तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

"ताई, पेशंट बसलेत," धाकटा भाऊ दारातच म्हणाला. दवाखाना आता तोच चालवत होता.

"त्यांना घरी पाठव. आणि पुड्या ठेवून घे."

वडील गादीवर लोडाला टेकून बसले होते. तिने पुडी आणि रिपोर्ट त्यांच्यापुढे टाकला. "तुमच्या शिशाच्या भस्माने एक बाई मरायला टेकलीये, बाबा. आज सगळ्यांना सांगा, हे औषध बंद करा. मी सांगितलं तर लोक ऐकणार नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

वडिलांनी रिपोर्टाला हातही लावला नाही. "तुमच्या यंत्राला काय कळतं? ते जिवंत धातूलाही शिसं म्हणतं आणि मेलेल्यालाही. भट्टीत धातू मरतो. मेलेलं शिसं बाधत नाही."

"बाईची हिरडी काळी पडलीये!"

"ओरडू नकोस. परीक्षा बघ."

त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि वर चिमूटभर भस्म सोडलं. भस्म तरंगलं. मग दोन बोटांत चोळलं. बोटांच्या रेषांत ते असं बसलं की झटकूनही निघेना. "बोट खोटं बोलत नाही," वडील म्हणाले, आणि तिच्याकडे असं बघितलं जणू खटलाच निकालात निघाला.

कुठून तरी घरघर ऐकू येत होती. ती उठून मागे गेली. शेडमध्ये भट्टीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. शेजारी एक नवंकोरं दळणयंत्र दणादण चालू होतं.

तिने भावाला दंडाला धरून वडिलांसमोर आणलं. "भट्टी कधी पेटवली होतीस शेवटची? सांग बाबांना."

"भट्टीला महिनोन्‌महिने लागतात, ताई. लोकांना रोज हवं असतं." तो तिच्याकडे बघेना. "बाजारात शिशाची तयार पूड मिळते. यंत्रातून काढली की पिठासारखी होते. पाण्यावर तरंगते, बोटांत बसते. बाबांनी प्रत्येक वेळी बघूनच पास केलंय."

म्हणजे म्हाताऱ्याचं बोट खोटं बोललं नव्हतं. पूड बारीक आहे एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि वडील ते 'पक्की आहे' असं ऐकत आले होते. भट्टीवर राबून राबूनच पूड बारीक होते, अशा जगात ते वाढले. भट्टीवाचून ती बारीक होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पोरगा मात्र सगळं जाणून होता. कुंपणच शेत खात होतं.

"बारीक आहे म्हणजे पक्कंही असेल," वडील हेका सोडेनात, पण आवाज उतरला होता.

"मग तिसरी परीक्षा करा. तुम्हीच शिकवलीत ना मला? भस्मात तूप, मध, गुग्गुळ, टाकणखार घालून मुशीत, धातू वितळवायच्या भांड्यात, फुंकायचं. धातू खरा मेला असेल तर पुन्हा धातू होऊन उठत नाही."

वडील उठले. तिने शेडची दारंखिडक्या सताड उघडल्या, दोघांना वाऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि कोळ्याचं जाळं झाडून भट्टी पेटवली. भाता तिनेच ओढला. भाऊ मदतीला आला, तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. मूस लाल झाली, निवली. तिने ती फरशीवर उपडी केली. राखेतून शिशाचा एक चकचकीत मणी घरंगळत वडिलांच्या पायाशी जाऊन थांबला.

वडिलांनी वाकून तो उचलला. मग वळले ते थेट मुलावर. "गाढवा! माझा फोटो लावून लोकांना विष चारलंस? माझं नाव धुळीला मिळवलंस! परत मागव सगळ्या पुड्या. आणि कपाटातली माझी बरणी काढ, माझ्या हातचं भस्म आहे त्यात. सगळ्यांना तेच दे."

तिला वाटलं होतं, आता सुटले. ते वाक्य ऐकलं आणि तिचं डोकं नव्याने भडकलं.

"बरणी मुशीत रिकामी करा."

"ते माझं आहे. मी स्वतः भाजलंय, रात्र रात्र बसून."

"मग भीती कसली वाटते?"

"भीती? मला?" वडिलांनी स्वतः बरणी आणली, स्वतः मूस भरली, स्वतः भाता ओढला. म्हातारा खोटारडा नव्हता, तिचा सगळा संताप तिथेच अडून बसायचा. खोटारडा असता तर तिने केव्हाच त्याचं नाव टाकलं असतं. मूस उपडी झाली. या वेळचा मणी लहान होता, पण होता.

वडील फरशीवर बसले.

"शिसं मरत नाही, बाबा," ती म्हणाली. तिला दया आली होती आणि त्या दयेचाही राग आला होता. "कच्चं नाही, पक्कं नाही, कुठलंच नाही. ते हाडात जाऊन बसतं. तुमच्या कष्टांना ते भीक घालत नाही."

"माझ्या वडिलांनी शिकवलं होतं," ते म्हणाले. मग हातातला मणी खाली ठेवला. "फोन दे."

पहिला नंबर त्यांना पाठ होता. निवृत्त हेडमास्तर, त्यांचे जुने भक्त, दिवसातून दोनदा पुडी घेणारे. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"मास्तर, मी वैद्य बोलतोय. शिशाची पुडी बंद करा. आत्तापासून."

"का हो?"

"विष आहे ते. मी स्वतः पारखून बघितलंय."

मास्तर हसले. "लेक आलीये वाटतं घरी. बाजूलाच उभी असेल."

"असेना! सांगतोय मी ना?"

"वैद्यराज, तुम्हीच म्हणाला होतात, डॉक्टर लोक घाबरवतील, नाही नाही ते सांगतील, तुम्ही कान देऊ नका. मी नाही दिला. आज तुमच्यावर दबाव आणला म्हणून मी फिरेन? एवढा लेचापेचा नाही मी."

"अहो मास्तर, तेव्हा मी चुकलो! ऐका माझं!"

"काळजीच करू नका. संध्याकाळची पुडी राहिलीच होती. ही बघा, तुमच्या नावाने घेतो." कागद फाटल्याचा आवाज आला. मग पाण्याचा घोट.

"थुंका!" वडील ओरडले. "थुंका ते, मास्तर! थुंका!"

"झाली घेऊन," मास्तर समाधानाने म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिने गाडीची किल्ली उचलली आणि मास्तरांचा पत्ता विचारला. वडिलांना ऐकूच गेलं नाही. ते बंद फोनवर ओरडत होते.