बर्फ कारखान्याचं नाक

"हं, काका, बोला! हिची डबी खरी की तुमचं नाक?" मालकांनी विचारलं, आणि बर्फाच्या कारखान्यातले सगळे हात थांबले.

यंत्रघराच्या दाराशी लावलेली डबी किंचाळत होती. विद्यापीठातून आलेली संशोधक मुलगी तिच्यापाशी ओशाळून उभी होती. तीन वर्षं खपून तिने कथलाच्या ऑक्साइडचा थर बनवला होता. त्याचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. बर्फ गोठवणाऱ्या यंत्रातला अमोनिया वायू गळून त्यांना चिकटला की थरातून जाणारी वीज बदलायची आणि डबी ओरडायची. पण इथे एकतीस वर्षं गळती हुंगून काढत आले होते ते नाकवाले काका. खरं नाव फक्त हजेरीपटावर. बाकीच्यांच्या तो वास अंगवळणी पडलेला, त्यांना कळायचाच नाही. काकांनी "जा" म्हटलं की माणसं आत शिरत, "थांबा" म्हटलं की मालकसुद्धा थांबत.

काकांनी दारातून श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काहीच नाही.

"वास नाही ना? मग बंद करा ते खेळणं," मालक म्हणाले. "चला रे, कामाला लागा."

दोघे फिटर निघाले. काकांनी हात आडवा घातला.

"थांबा. मला वास येत नाही हे खरं. पण वर्ष झालं, मला कशाचाच वास येत नाही." "डोळे चुरचुरले की सांगायचो. आज तेही नाही."

"वर्षभर?" थोरला फिटर उसळला. "आणि आम्ही तुमच्या भरवशावर आत जात होतो?"

"चुकलंच माझं. पोटासाठी नाही रे, नाकासाठीच लपवलं."

काकांनी गॅसचा मास्क चढवला, साबणाचा फेस घेतला आणि ते एकटेच आत गेले. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या मानेवर लावलेल्या फेसाला बुडबुडे आले; गळती तिथेच होती. त्यांनी नट आवळला. थोड्या वेळाने डबी गप्प झाली.

"आता तुमचं काय करायचं?" मालकांनी डोकं खाजवलं.

"मला हवेत ते," मुलगी पटकन म्हणाली. "अजून सहा डब्या लावायच्यात. कुठे लावायच्या, दुसरं कोण सांगणार?"

"दाराशी नको लावूस, पोरी," काका म्हणाले. "हा वायू हलका. छताशी जमतो." आणि खडू घेऊन ते शिडी चढले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "आज सगळ्यांसमोर कबूल केलं. नाक गेलंय माझं."

"ठाऊक होतं मला. चार वेळा दूध करपलं, तुम्ही घटाघटा प्यायलात."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कुठे बोललात?"

काका हसले. तिने दुधाचा पेला पुढे ठेवला. सवयीने तो नाकाशी नेऊन ते थांबले.

"हे?"

"चांगलंय. प्या."

ते प्यायले.