दीड मिलिमीटर

ओबोच्या टोकाला खोचलेली बोरूची रीड ओठांत धरून तिनं सूर लावला, तसा स्टँडवरच्या ट्यूनरचा काटा मधली रेघ ओलांडून उजवीकडे गेला. तिच्या सुरावर वाद्यं जुळवायला सगळा वाद्यवृंद खोळंबला होता.

"पुन्हा," संचालक म्हणाले.

तिनं रीड जराशी बाहेर ओढली, ओठ सैल सोडले. सूर चढाच. तीन महिने हेच चाललं होतं. मागे कुणीतरी खाकरलं. शेजारच्या खुर्चीत दुसरा ओबो वाजवणारी तिची धाकटी बहीण मान खाली घालून पानं चाळत राहिली.

तालमीनंतर संचालकांनी तिला खोलीत बोलावलं.

"वाईट वाटून घेऊ नका. कान दमतात माणसाचे. सोमवारपासून सूर तुमची बहीण देईल. तुम्ही तिच्या जागी बसा."

बावीस वर्षं ती पहिल्या खुर्चीत बसली होती. बाहेर धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली.

"ताई, मी नको म्हणून सांगते त्यांना."

ताईनंच तिची समजूत घातली.

बोटांचे सांधे धरल्यापासून ताईच्या रीड्स धाकटीच तासून द्यायची. रविवारी ती नव्या चार घेऊन घरी आली. ताईनं सवयीनं एक लावून पाहिली. काटा बरोबर रेघेवर थांबला. दुसरी लावली, तिसरी लावली. काटा हलला नाही.

मग तिनं स्टीलची पट्टी आणि गेल्या तीन महिन्यांतल्या नऊ रीड्सची डबी काढली. रीड आखूड झाली की सूर चढतो, हा तिनं धाकटीला दिलेला पहिला धडा. धाकटीच्या हातची रीड मोजून बघावी, असं मात्र तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

आत धाकटी कप विसळत होती.

"कशा झाल्यात गं?" तिनं आतूनच विचारलं.

"छान. मोजून केल्यास?"

"म्हणजे काय. तुझ्यासाठी मी कधी अंदाजपंचे करते का?"

"नाही," ताई म्हणाली. "मागच्या नऊही मोजूनच केल्यास. सगळ्या दीड मिलिमीटर आखूड. एकीतही फरक नाही."

नळ वाहत राहिला. धाकटी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. ताईनं नव्या चारही रीड्स कागदात गुंडाळून तिच्यासमोर धरल्या.

"तुझ्याकडेच असू देत," ती म्हणाली. "उद्यापासून सूर तुला द्यायचाय."