चुलीमागे एक मत

जमीनदाराच्या मुलाला मत दिलं तर जॅबेझ टकेट मोच्याला काय मिळणार होतं? जमीनदाराच्याच मालकीचं राहतं घर, आणखी काही वर्षं. नाही दिलं तर? गावचं गायरान, म्हणजे बायकोच्या बदकांचा चारा. हा हिशेब मला पाठ आहे, मित्रांनो, कारण मी एक जुना मतदारसंघ आहे. इंग्लंडातलं ऑटरस्टो गाव, तोच मी.

माझा जन्म राजाच्या सनदेतून झाला. शेजारच्या गावांना पार्लमेंटात दोन-दोन जागा, मला एकच. दोन असल्या की दोन बडी घरं वाटून घेतात आणि गाव निवांत झोपतं. एकच म्हटली की भांडण आलंच. निवडणूक आली की मला डोक्यावर घ्यायचे. एरवी कोणी हिंग लावून विचारत नसे.

मताचा माझा नियम साधा होता. ज्याच्या स्वतःच्या चुलीवर भांडं उकळतं, त्या पुरुषाला मत. तेही भर चौकात, मोठ्याने सांगायचं.

त्या वर्षी जमीनदाराच्या मुलाला निवडून येऊन गायरानाला कुंपण घालायचं होतं. विरोधात बियर गाळणारा हॉस्किन. मतदानाच्या आदल्या दिवशी जमीनदाराचा कारभारी क्रॅब गवंडी घेऊन जॅबेझच्या दारात आला. "तुझी चूल फार धुरकटते. मालक नवी बांधून देताहेत." गवंड्याने जुनी फोडली, दगड बाहेर फेकले आणि नवी न बांधताच निघून गेला.

"चूल गेली, मत गेलं," जॅबेझ म्हणाला. "एका अर्थी बरंच झालं. घर तरी राहील."

"राहील की," त्याची बायको थॉमसिन म्हणाली. "आणि बदकांना काय, तुमचे जोडे चारू?"

सकाळी तिने ते दगड चौकात आणून मांडले, जाळ केला आणि भांड्यात सलगम घातले. गाव गोळा झालं.

"रस्त्यावर कसली आलीय चूल?" क्रॅब म्हणाला.

"दगड ओळखीचे नाही वाटत, साहेब? काल तुम्हीच तर बाहेर काढलेत."

नगराध्यक्षाने झाकण उचललं. "सलगम कच्चे आहेत," तो म्हणाला, "पण उकळतंय. लिहा नाव."

जॅबेझ मंचावर चढला. "हॉस्किन," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," क्रॅब म्हणाला.

"हॉस्किन. आता मालकांनाही ऐकू गेलं असेल."

हॉस्किन एका मताने निवडून आला. कुंपण टळलं. भाड्याची तिमाही सरताच टकेटांना जमीनदाराचं घर खाली करावं लागलं.

पुढे पार्लमेंटाने माझ्यासारखे लहान मतदारसंघ मोडीत काढले आणि मला जिल्ह्यात मिसळून टाकलं. तक्रार नाही, माझ्यात होत्या तरी किती चुली! पण मित्रांनो, तुम्ही आज पडद्याआड मत देता, तो पडदा जपा. तो नव्हता तेव्हा मत देणाऱ्याचं घर उघड्यावर यायचं.

राहिला हिशेब. हॉस्किनला खुर्ची मिळाली. गावाला गायरान मिळालं. जॅबेझला वर्षभर बियर फुकट. थॉमसिन बहिणीच्या माडीवर राहायला गेली. तिथे अंगण नव्हतं, म्हणून तिने बदकं विकली. मत तर तिला नव्हतंच.