लुगडं नेसवलेला तक्ता

मी भिंतीवरचा तक्ता बोलतोय. गेली अकरा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून लटकतो आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. रिसोडच्या मुलींच्या शाळेत कधी आलात तर तुम्हाला फक्त माझी पाठ दिसेल. तिच्यावर दोनापासून तिसापर्यंतचे पाढे रंगवलेले आहेत. पोरी रोज माझ्या पाठीकडे बघून ते घोकतात. माझ्या पोटावर काय छापलंय हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही, आणि माझा सगळा संताप त्याच गोष्टीचा आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यातला. जाड कागद, मागून चिकटवलेला मांजरपाट, वर आणि खाली काळी दांडी. माझ्या अंगावर एक बाई उभी आहे आणि तिच्या शरीराच्या आत काय काय असतं ते दाखवलेलं आहे. काळीज, फुप्फुसं, जठर, आतडी, आणि ओटीपोटात गर्भाशय. उजव्या कोपऱ्यात आणखी एक लहानसं चित्र आहे, आईच्या पोटात डोकं खाली करून झोपलेल्या बाळाचं. रंग जरा भडक आहेत, कबूल. यकृत इतकं जांभळं का केलं ते मलाही ठाऊक नाही.

मला मागवलं ते जिजाबाई मास्तरीणबाईंनी. त्या कारंज्याच्या. अठराव्या वर्षी विधवा झाल्या, मग शिकल्या आणि नोकरीला लागून रिसोडला आल्या. त्यांनी मला का मागवलं, ते मी त्यांच्याच तोंडून पुष्कळदा ऐकलंय.

चौथीत कस्तुरा नावाची मुलगी होती. वय बारा. गावाबाहेर नदीकाठी भाजीपाल्याची वाडी करणाऱ्या गुलाबराव माळ्याची ही लेक. हिशेबात आणि शुद्धलेखनात वर्गात तिचा हात कुणी धरत नसे. तिला पुढे मास्तरीण करायचं जिजाबाईंनी मनात धरलं होतं, आणि ‘चौथी होऊ द्या, मग पाहू’ इथपर्यंत गुलाबरावही आले होते. अशी ही कस्तुरा एक दिवस भर वर्गात उभी राहिली आणि तिनं विचारलं, “बाई, माह्या आईले दर महिन्याले कावळा शिवते. त्यानं काय होते?”

घरात बाई तीन दिवस बाजूला बसली की पोरांना हेच सांगतात. कावळा शिवला, जवळ येऊ नको. विषय संपला. पण पोरांच्या डोक्यात तो संपत नाही. या वर्गातल्या पोरी कडुलिंबाखालून जाताना डोक्यावर पाटी धरून जात, हे बाईंना त्या दिवशी कळलं. आधी त्यांना हसू आलं. मग स्वतःचं तेरावं वर्ष आठवलं आणि हसू गेलं. आदल्या वर्षी दोन मुली अचानक शाळा सोडून गेल्या होत्या. त्या का गेल्या, हेही त्यांना कळून चुकलं. बाईंनी त्याच आठवड्यात मुंबईला पत्र टाकलं.

मी वाशीमपर्यंत आगगाडीनं आलो आणि पुढे बैलगाडीतून, ज्वारीच्या पोत्यांवर आडवा पडून. भिंतीवर चढलो तेव्हा पोरींनी असे डोळे विस्फारले की मला माझाच अभिमान वाटला. पहिल्या दिवशी बाईंनी काळीज शिकवलं. दुसऱ्या दिवशी जठर आणि आतडी. सुटीची घंटा झाली तेव्हा त्या कस्तुराला म्हणाल्या, “कावळ्याचं उद्या सांगते.”

तो उद्या काही उजाडला नाही. पोरींनी घरी जाऊन सांगितलं की शाळेत एक चित्र आलंय, त्यात पोटातलं बाळ दिसतं. झालं. सकाळी शाळेच्या दारात अकरा आयाबाप उभे, आणि सगळ्यांच्या पुढे गुलाबराव. माणूस तसा भला. बाईंच्या घरी मेथीची जुडी पोचवल्याशिवाय त्याचा बाजाराचा दिवस जात नसे. पण त्या दिवशी त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली ती फिरवलीच.

“बाई, पोरीले लिहाले-वाचाले पाठोलं आमी,” तो म्हणाला. “हे असं शिकाले नाही पाठोलं.”

असं म्हणजे कसं, बाईंनी विचारलं. त्याला सांगता येईना. मंडळी तासभर तिथं तावातावानं बोलत होती, पण ज्या गोष्टीवरून एवढा गदारोळ, तिचं नाव एकाच्याही तोंडून बाहेर पडलं नाही. ‘ते’, ‘तसलं’, ‘खालचं’ एवढ्यावरच भागलं. एक म्हणाला पोरी बिघडतील. दुसऱ्यानं सांगितलं की असल्या शाळेतली पोरगी कुणी करून घेणार नाही. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे बाबांनो, माझ्या अंगावर जे आहे ते तुमच्या प्रत्येकाच्या घरात आहे, मी काही ते मुंबईहून आणलेलं नाही!

कस्तुराची आई गोजराबाई मागे उभी होती. ती पुढे येऊन शांतपणे बोलली. “येळ आली का पोरीले कळतेच, बाई. आमाले कोनं शिकोलं होतं?”

“मग कळलं तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?” बाईंनी विचारलं.

गोजराबाईनं पदर सारखा केला आणि ती परत मागे जाऊन उभी राहिली.

शाळा कमिटीचे अध्यक्ष फुलचंदशेठ धान्याचे व्यापारी. कुणालाच नाराज करायचं नाही हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांनी तोडगा काढला: तक्ता राहू द्या, खालचं झाका. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण दुसऱ्या दिवशी शिंप्याला बोलावून मला चक्क लुगडं नेसवलं. गोजराबाईच्या एका जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा कमरेपासून घोट्यापर्यंत टाके घालून शिवला. निऱ्यासुद्धा घातल्या. कोपऱ्यातल्या बाळावर उरलेलं धडुतं बसवलं. वर काळीज, फुप्फुसं उघडी आणि खाली लुगडं, अशा अवतारात मी दिवस काढू लागलो. शहाणी म्हणवणारी माणसं काय काय करतील याचा नेम नाही. शिवाय ते नेसवल्यापासून पोरींचं सगळं लक्ष त्या लुगड्याकडेच लागलं, तो भाग वेगळा.

कमिटीनं बाईंकडून शब्द घेतला की झाकलेल्या भागाबद्दल वर्गात अक्षर काढायचं नाही. बाईंनी तो दिला. नोकरीशिवाय त्यांना दुसरा आधार नव्हता, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मला त्यांचाही राग आला.

पुढचं मी कस्तुराच्याच तोंडून ऐकलं.

श्रावणात वाडीवर मिरचीची रोपं लावायचं काम चाललं होतं. सुटीच्या दिवशी कस्तुराही ओळीत बसून रोपं लावत होती, आणि तिथंच तिला पहिल्यांदा पाळी आली. तिनं आभाळाकडे बघितलं. कावळा कुठेच नव्हता. म्हणजे हे आईसारखं नव्हे, हा रोग आहे, आपण आता मरणार, असं तिनं धरलं. कुणाला सांगितलं नाही. जुनं फडकं घेतलं, ते कडब्यात लपवलं आणि चार दिवस शाळा सुटली की वाडीत गुमान राबली.

त्यांच्या वाडीचा एक नेम होता. बाजूला बसलेल्या बाईनं वाफ्यात पाऊल टाकायचं नाही, पीक जळतं. पंधरा-वीस दिवसांनी मिरचीची पानं मुरडली, आकसली, पार चुरगळून गेली. गुलाबरावानं घरात विचारलं, नेम कुणी मोडला? गोजराबाईनं देवाची शपथ घेतली. मग कडबा काढताना फडकं सापडलं.

पोरीला कुणी मारलं नाही. तिच्या बापानं एवढंच म्हटलं की पोट्टीनं वाडी जाळली. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद झाली आणि स्थळ बघायला सुरुवात झाली. कस्तुरानं एका शब्दानं विरोध केला नाही. वाडी आपणच जाळली हे तिला पटलं होतं.

वाचनाचं पुस्तक परत करायला ती आईबरोबर शाळेत आली, तेव्हा मधली सुटी होती. वर्गात बाई एकट्याच. शाळा का सोडली म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा कस्तुरानं खाली मान घालून हे सगळं सांगितलं. बाई उठल्या, शिवणाच्या पेटीतली कात्री घेतली आणि माझे टाके कापले. लुगडं खाली पडलं, बाळावरचं धडुतंही.

पाव तास. सगळं समजावून सांगायला बाईंना फक्त पाव तास लागला. हे गर्भाशय. दर महिन्याला हे असं होतं, माझं होतं, तुझ्या आईचं होतं. रोग नाही, पाप नाही. पानं मुरडतात ती पानाखाली बसणाऱ्या बारीक किडीनं.

“मंग मिरच्या माह्यानं नाही गेल्या?”

“नाही गं.”

कस्तुरानं माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. “तुमाले हे माहीत होतं, तं पयलेच काहून नाही सांगतलं?”

बाईंनी खाली पडलेलं लुगडं उचललं आणि त्याची घडी घालू लागल्या. तो प्रश्न मलाही लागू होता. मी तर महिनाभर तिच्यासमोर होतो, लुगडं नेसून.

गोजराबाई आतापर्यंत दारात उभी होती. ती जवळ आली, कोपऱ्यातल्या बाळापाशी वाकली आणि तिनं त्यावर बोट टेकवलं. “सात बाळंतपनं झाली माह्यी,” ती म्हणाली. “हे आज पाह्यलं.”

मला वाटलं, आता तरी ही बाई बोलेल. कुठलं काय. टाके कापल्याची बातमी फुटली, कमिटी बसली, बाईंना लांबच्या कुठल्याशा खेड्यात पाठवायचं ठरलं. मला उलटा करून पाठीवर पाढे रंगवले तेव्हा गोजराबाई अंगणात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली नाही. तिच्यावर चिडावं की तिची कीव करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फाल्गुनात कस्तुराचं लग्न झालं, गावाच्या पलीकडच्या मळ्यात.

भिंतीकडे तोंड करून काय दिसतं म्हणून विचाराल तर पोपडे. पण कान चालू असतात. या अकरा वर्षांत चौथीतल्या किती पोरी अचानक यायच्या थांबल्या ते मी ऐकलंय. हजेरीत नाव पुकारलं जातं, कुणी ‘हजर’ म्हणत नाही, दोन-चार दिवसांनी नाव पुकारणंही थांबतं.

गेल्या आठवड्यात मात्र एक ओळखीचा आवाज ऐकू आला. कस्तुरा मुलीचं नाव घालायला आली होती. नाव लिहून झालं, आणि तिनं हेडमास्तर रतनसिंगांना सरळ विचारलं, हा तक्ता उलटा का? मास्तर चपापले. मग म्हणाले, त्याला हात लावता येत नाही, पालकांची तक्रार आहे.

“मी बी पालकच हाओ,” कस्तुरा म्हणाली. “माह्यी बी तक्रार लिहून घ्या.”

तुम्हीच लिहा, म्हणाले मास्तर. बहुतेक त्यांना वाटलं, मळ्यातली बाई आहे, अंगठा उमटवून जाईल. पण बोरू कागदावर चालल्याचा आवाज आला. ती एकेक शब्द तोंडानं म्हणत, सावकाश लिहीत होती: “तक्ता सुलटा करावा. माझी मुलगी सात वर्षांची आहे. ती बारा वर्षांची होईल त्याच्या आत करावा. कस्तुरा.”

मास्तरांनी कागद घेतला आणि कमिटीपुढे ठेवू म्हणाले. तो टेबलाच्या खणात गेला, खण बंद झाला, आणि तो उघडून कागद बाहेर काढल्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या कमिटीवर असेल, तर माझं एवढं ऐका. मला झाका, पाठीवर आणखी चाळीसपर्यंत पाढे रंगवा, माझं काही बिघडत नाही. मी कागद आहे. पण ती पोरगी आजपासून शाळेत येऊ लागली आहे, आणि तिला बारावं लागायला फक्त पाच वर्षं आहेत.